साथीदाराच्या जागेवरून ‘वन्स’

गाण्यातल्या माणसांवरचा चित्रपट पाहताना माझे लक्ष गाणाऱ्यापेक्षा त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे आधी जाते. पेटीची साथ हा माझा व्यवसाय, तेव्हा ते स्वाभाविकच आहे. पण या सवयीतून माझे एक मत बनत गेले आहे, आणि ते मांडायला जॉन कार्नी या आयरिश दिग्दर्शकाच्या ‘वन्स’इतका चांगला आधार मला दुसरा सापडत नाही. 2007 साली जगभर पोचलेल्या या चित्रपटाची गोष्ट अगदी थोडी आहे. डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवर गिटार घेऊन गाणारा आणि वडिलांच्या दुकानात व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करणारा एक तरुण. चेक प्रजासत्ताकातून आलेली, आई आणि लहान मुलीला सांभाळत रस्त्यावर फुले विकणारी, लोकांच्या घरची साफसफाई करणारी एक तरुणी. तिला पियानो येतो. काही दिवस दोघे एकत्र येतात, गाणी बसवतात, ती ध्वनिमुद्रित करतात आणि आपापल्या वाटेने जातात. दोघांनाही नावे नाहीत, श्रेयनामावलीतसुद्धा नाहीत. उघड कबुली नाही, पुढे एकत्र संसार नाही. तरीही हा पुरेपूर प्रेमपट आहे, कारण त्यातले प्रेम साथीतून सांगितले आहे. संगीताच्या ओढीने एकत्र आलेल्या दोन मित्रांची प्रेमकथा सांगायची असेल, तर त्यांना एकत्र गाताना दाखवून भागत नाही. एकाने दुसऱ्याची साथ कशी धरली, ते दाखवावे लागते. एवढेच माझे म्हणणे आहे.

साथ म्हणजे काय हे श्रोत्याला बहुधा ती बिघडल्यावरच कळते. पेटीवाल्याचे काम सूर देण्याचे असे समजले जाते. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक काम ऐकण्याचे असते. गायक दम कुठे घेणार, तान संपल्यावर तिचा शेवटचा तुकडा उचलायचा की ती जागा मोकळी सोडायची, तो मुखड्याकडे वळतो आहे की अजून एक आवर्तन बाहेर राहणार आहे, हे सारे त्याच्या मानेच्या, हाताच्या, डोळ्यांच्या हालचालीवरून ओळखायचे असते, आणि तेही बोटे चालू असताना. जे जे येते ते सगळे वाजवणारा माणूस उत्तम वादक असेल, पण साथीदार होत नाही. पुढे जाणे सोपे असते. मागे राहून हजर असणे कठीण. आणि हे मागे राहणे म्हणजे कमीपणा नव्हे, कारण गायकाचा सूर डळमळला तर त्या क्षणी पेटीनेच त्याला पायाखाली जमीन द्यायची असते. दोन माणसांमध्ये बोलल्याशिवाय इतके ठरत जाते, असे काम जगात फार थोडे असेल.

‘वन्स’मधला वाद्यांच्या दुकानातला प्रसंग मी या नजरेने पाहतो. मुलीकडे पियानो नाही. दुपारच्या सुट्टीत दुकानदार तिला तिथला एक पियानो वाजवू देतो. आधी ती मेंडेल्सॉनची एक रचना वाजवते आणि तो ऐकतो. इथे दिग्दर्शकाची जाण दिसते, कारण दोघांपैकी शिकलेली, तयार हाताची वादक ती आहे हे आधी प्रस्थापित होते. मग तो आपले एक गाणे काढतो. शब्दांचा कागद तिच्यासमोर ठेवतो, कॉर्ड तोंडी सांगतो, गिटारवर वाजवून दाखवतो. आपल्याकडे पेटीवाला आणि गायक प्रथमच भेटले की पहिला प्रश्न असतो, पट्टी कोणती. हा तोच प्रश्न आहे, तिथल्या रीतीने विचारलेला. आणि मग जे घडते ते कोणत्याही साथीदाराला आतून ठाऊक असते. ती लगेच वाजवायला लागत नाही. त्याच्या बोटांकडे बघते, एखाददुसराच सूर ठेवून पाहते. पहिले कडवे जवळजवळ त्याचेच आहे. ध्रुवपदावर तिचा आवाज येतो, पण त्याच्या आवाजाखाली, बेतानेच. पुढच्या फेरीला तो मोकळा होतो, कारण आता तो कुठे थांबणार आणि कुठे चढणार हे तिला कळले आहे. मेंडेल्सॉन वाजवणाऱ्या हाताने इतके साधे वाजवणे पत्करावे, यातच तिच्या मनाचा सगळा कल कळतो. या प्रसंगात कुणी कुणाला आवडल्याचे बोलत नाही. तशी गरजही उरत नाही.

आपली साथ आणि त्यांची साथ वेगळी, तेव्हा ही तुलनाच चुकीची, असे कुणी म्हणेल. आपल्याकडे पेटी किंवा सारंगी गायकाच्या मागून जाते, त्याच्याच स्वरावलीची सावली धरते. तिथे दुसरा आवाज त्याच वेळी वेगळ्या स्वरावर उभा असतो आणि दोहोंच्या मिळण्यातून परिणाम साधतो. हा फरक खरा आहे, आणि मोठाही आहे. पण फरक रचनेचा आहे, शिस्तीचा नाही. दोन्हीकडे दुसऱ्याने पहिल्याला झाकायचे नसते. आपल्यामुळे त्याचे गाणे मोठे झाले पाहिजे, हीच दोन्हीकडची कसोटी. अहमदजान थिरकवाँसारखा स्वतंत्र वादनाचा अफाट अधिकारी कलावंत गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना ठेका धरत होता, आणि त्या साथीची आठवण जाणकारांनी त्यांच्या एकल वादनाइतक्याच आदराने सांगितली. ठेका साधा ठेवण्यात थिरकवाँचे काही कमी होत नव्हते.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. या दोन भूमिका करणाऱ्या ग्लेन हॅन्सार्ड आणि मार्केता इर्ग्लोवा या दोघांनी चित्रपटाआधीच एकत्र काम केलेले होते. दुकानात जे गाणे ती पहिल्यांदा ऐकते असे दाखवले आहे, ते 2006 साली दोघांच्या ‘द स्वेल सीझन’ या संग्रहात आलेले होते, आणि हॅन्सार्डच्या ‘द फ्रेम्स’ या बँडनेही ते ध्वनिमुद्रित केले होते. 2008 च्या ऑस्करसाठी त्याचा विचार झाला तेव्हा ते मुळात याच चित्रपटासाठीचे आहे का, असा प्रश्नही निघाला आणि तपासणीनंतरच ते पात्र ठरून पुढे जिंकले. मग तिचे चाचपडणे, थांबणे, हळूच शिरणे हे सारे ठरवून केलेले, तर त्याला साथीचा पुरावा कसे म्हणायचे? मला वाटते, साथीचा खरा पुरावा इथेच आहे. मैफलीत आम्ही जी बंदिश वाजवतो ती आम्हाला ठाऊकच असते. नाट्यपद तर शंभरदा वाजवलेले असते. तरी गायक आज ती ओळ कशी घेणार हे माहीत नसते आणि माहीत आहे असे धरून चालणारा साथीदार हटकून पुढे पडतो. ठाऊक असलेले गाणे ठाऊक नसल्यासारखे ऐकणे, हेच तर आमचे रोजचे काम. इर्ग्लोवा कॅमेऱ्यासमोर तेच करते आहे. व्यावसायिक अभिनेत्रीला हे चाचपडणे हावभावांतून दाखवावे लागले असते. तिला ते बोटांत सापडते. म्हणूनच अभिनयाचा अनुभव नसलेली ही किशोरवयीन मुलगी तिथे इतकी विश्वासार्ह वाटते.

दुकानातला प्रसंग एकटाच असता तर तो सुंदर अपघात म्हणून सोडून देता आला असता. पण चित्रपट पुढेही श्रमावरच उभा राहतो. मुलगा तिला एक चाल देतो आणि शब्द लिहायला सांगतो. चालीवर शब्द बसवणे हे किती चिकाटीचे काम आहे, हे मराठी भावगीताच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. अक्षर आखूड पडते, जोर भलत्याच जागी येतो, अर्थ जमतो तर उच्चार अडतो. ती रात्री ऐकत बसलेली असताना सीडी प्लेअरची बॅटरी संपते. लेकीच्या गल्ल्यातली नाणी घेऊन ती घरच्याच कपड्यांत दुकानात जाते, बॅटऱ्या विकत घेते आणि परतीच्या वाटेवर कानात चाल लावून शब्द गात गात येते. कॅमेरा तिच्यासोबत चालत राहतो, तोडत नाही. गाणे सुचल्याचा क्षण चित्रपटांत आपण पुष्कळ पाहिला आहे. गाण्यासाठी पैसे मोजून रात्री बाहेर पडावे लागते हे फारसे पाहिलेले नाही. त्यानंतर स्टुडिओचे भाडे भरण्यासाठी बँकेचे कर्ज येते, रस्त्यावरचे वादक गोळा होतात, ध्वनिमुद्रकाचा पहिला चेहरा निरुत्साही असतो. जे गाणे ऐकून तो सावरून बसतो ते पाच मात्रांच्या चक्रात बांधलेले आहे. चार मात्रांची सवय असलेल्या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात पाचाचे चक्र सगळ्यांनी मिळून धरायचे तर प्रत्येकाचे कान प्रत्येकावर लागतात. आपल्याला झपतालामुळे दोन-तीनची ती चाल जवळची आहे. तिथे ती परकी, म्हणूनच तिच्यातून या नवख्या मंडळींची एकजूट ऐकू येते. रात्रभर काम झाल्यावर सगळे मोटारीत बसून तेच मुद्रण साध्या स्पीकरवर ऐकायला निघतात. चांगल्या यंत्रावर सगळेच चांगले वाजते, लोक ऐकणार आहेत ते साध्या यंत्रावर, हे ध्वनिमुद्रणातले जुने शहाणपण आहे, आणि मैत्रीचा सगळ्यात आनंदी प्रसंग कार्नीने नेमका तिथे ठेवला.

यापुढचा आक्षेप साथीदाराने स्वतःलाच विचारायचा आहे. एकत्र काम करताना जी जवळीक येते तिला प्रेम म्हणायचे का? मंचावर दोघांचे असे जुळते की श्रोते भारावतात, आणि गाणे संपल्यावर तीच दोन माणसे वेगवेगळ्या गाड्यांनी घरी जातात, एकमेकांच्या घरचे फारसे काही जाणतही नाहीत. मंचावरची जवळीक खोटी नसते, पण ती मंचाबाहेर जशीच्या तशी येत नाही. हे न कळल्याने संगीताच्या क्षेत्रात किती माणसे दुखावली गेली आहेत, हे या व्यवसायातल्या कुणालाही विचारावे. ‘वन्स’ हा प्रश्न टाळत नाही. ओळख नवी असतानाच मुलगा मुलीला रात्री थांबायला सुचवतो. ती रागावून निघून जाते आणि त्याला माफी मागावी लागते. जुळलेल्या सुरांना तो जी भलती वाट दाखवू पाहतो ती चित्रपट सुरुवातीलाच बंद करतो. पुढे कळते की तिचे लग्न झालेले आहे, नवरा मायदेशी आहे. समुद्राकाठच्या फेरफटक्यात त्या नवऱ्यावर तिचे प्रेम आहे का असे तो विचारतो, तेव्हा ती आपल्या भाषेत उत्तर देते आणि ते त्याला समजत नाही; प्रेक्षकासाठी त्याखाली भाषांतरही दिलेले नाही. म्हणजे शब्दांतली कबुली जाणूनबुजून दाराआड ठेवली आहे, आणि साथ मात्र सबंध चित्रपटभर सगळ्यांना ऐकू जाईल अशी उघड ठेवली आहे. स्टुडिओत मध्यरात्री ती एकटीच पियानोवर स्वतःचे गाणे त्याला ऐकवते आणि अर्ध्यावर तिला रडू येते, तेव्हा तो काहीही वाजवत नाही. साथ न करणे हीसुद्धा साथच आहे, हे ज्याला समजले तोच हा प्रसंग असा लिहू शकतो. म्हणून माझे उत्तर असे, की हे प्रेमच आहे. फक्त त्याला संसाराचे माप लावायचे नाही.

आता आपल्याकडचा सगळ्यात बलवान प्रतिदाखला: हृषिकेश मुखर्जींचा ‘अभिमान’, 1973. गाणाऱ्या नवरा-बायकोची ती कथा सगळीच्या सगळी पार्श्वगायनावर उभी आहे आणि तरीही मनाला भिडते. त्यातल्या गायक नायकाला किशोरकुमार, मोहम्मद रफी आणि मनहर उधास अशा तिघांनी आवाज दिला. गाणे हाच ज्याचा धंदा त्याचे तीन आवाज, आणि प्रेक्षकाने ते विनातक्रार मानले. मी ते चूक समजत नाही. पार्श्वगायन हा आपल्या चित्रपटाने प्रेक्षकाशी केलेला करार आहे आणि त्याने आपल्याला अमोल गाणी दिली. पण ‘अभिमान’ची गोष्ट गाणे घडण्याची नाहीच, ती नावलौकिकाची, असूयेची, लग्न मोडत जाण्याची आहे. त्यात गाणी पुरी होऊन येतात. दोघांनी बसून चाल लावताना, एकमेकांची जागा ओळखताना आपण त्यांना जवळजवळ पाहत नाही. आणि तरी शेवट कुठे होतो ते पाहावे: दुःखाने मूक झालेली बायको, उमा, मंचावर नवऱ्याच्या सुराला आपला सूर जोडते तेव्हा. लग्न सावरायला तिथेही साथच कामी आली. ‘अभिमान’ मला माझ्या मताच्या विरुद्ध वाटत नाही. साथीचे महत्त्व त्याला कळले होते, फक्त ते त्याने शेवटासाठी राखून ठेवले.

मराठीत आपण गाण्याची गोष्ट सांगतो ती बहुधा मैफल जिंकण्याची. ‘कट्यार काळजात घुसली’ हे 1967 चे दारव्हेकरांचे नाटक आणि 2015 चा त्यावरचा चित्रपट, दोन्ही घराण्यांच्या चुरशीवर उभे आहेत. अभिषेकींच्या संगीताने ते नाटक अजरामर केले, पण मैत्री हा त्याचा विषय नव्हे. आपल्याकडे गुरू-शिष्य आहेत, प्रतिस्पर्धी आहेत, एकलकोंडे साधक आहेत. गायक आणि साथीदार ही जोडी जवळजवळ नाही. याची मुळे तंत्रात आहेत असे मला वाटते. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र म्हणून पडद्यावर होते आणि संगीतही त्यांचेच होते. दुर्गाबाई खोटेही स्वतःच गायल्या. टेंब्यांचे नाव मुळात पेटीवादक म्हणून झालेले. तेव्हा नटाच्या गळ्यातून गाणे यायचे आणि वादक कुठेतरी जवळपास, त्याच वेळी वाजवत असायचे. 1935 च्या ‘धूप छाँव’नंतर पार्श्वगायन रुळले, गाणे आधी मुद्रित होऊ लागले आणि साथीदार चित्रीकरणाच्या जागेवरून नाहीसा झाला. पडद्यावर त्याच्या जागी बसतो तो भूमिका करणारा माणूस, ज्याचा हात तबल्यावर पडतो तेव्हा तबला वाजलेला नसतो. प्रेक्षकाला हे जाणवत नाही असे निर्मात्यांना वाटते. मला वाटते, जाणवते. फक्त काय खटकले ते त्याला सांगता येत नाही.

हे सगळे गरिबीचे कौतुक आहे, हा आक्षेप उरतो. ‘वन्स’ सतरा दिवसांत, दीड लाख युरोंच्याही आत झाला. बराचसा पैसा आयरिश फिल्म बोर्डाचा. रस्त्यावरचे प्रसंग लांबून, लांब पल्ल्याच्या भिंगाने टिपले, ये-जा करणाऱ्यांना चित्रीकरण चालू आहे हे कळलेही नाही. मुख्य भूमिकेसाठी आधी किलियन मर्फी ठरलेला होता, तो बाजूला झाल्यावर गाणी लिहिणाऱ्या हॅन्सार्डनेच उभे राहायचे ठरले. म्हणजे हे गुण नाइलाजातून आले, असे म्हणता येईल. पण नाइलाज सगळ्यांनाच असतो. त्यातून काय राखायचे हे दिग्दर्शक ठरवतो. कार्नी स्वतः ‘द फ्रेम्स’मध्ये बास गिटार वाजवत असे, म्हणजे तोही साथीच्या बाजूचाच. उलट दाखलाही त्याचाच आहे. 2013 मध्ये त्याने मोठे कलाकार आणि न्यूयॉर्क घेऊन ‘बिगिन अगेन’ केला. विषय तोच: दोन माणसांची गाण्यावरून झालेली मैत्री. त्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग असा की एक मुलगी एकटी गिटारवर गाते आहे आणि ऐकणाऱ्या निर्मात्याच्या कल्पनेत मागची वाद्ये एकेक करून आपोआप वाजू लागतात, वादकांविना. दिसायला तो प्रसंग मोहक आहे. पण साथीदाराच्या जागेवरून पाहिले तर तिथे साथ आहे आणि साथीदार नाही. त्या चित्रपटाचा जीव मला दुसरीकडे सापडतो: दोघे एकाच यंत्राला दोन हेडफोन जोडून रात्रभर शहरात फिरत गाणी ऐकतात, तिथे. एकत्र ऐकणे ही साथीची पहिली पायरी आहे. ‘बिगिन अगेन’ तिथपर्यंत जातो, ‘वन्स’ पुढे जातो. चैतन्य ताम्हाणेंनी 2020 च्या ‘द डिसायपल’मध्ये आदित्य मोडक या तालीम झालेल्या गायकालाच मुख्य भूमिका दिली, तेव्हा मराठी चित्रपटानेही खऱ्या गळ्यावर विश्वास ठेवला, एका साधकाचे एकटेपण त्यात विलक्षण उतरले. आता त्याच विश्वासाने दोघांची गोष्ट यायला हवी.

‘वन्स’च्या शेवटी मुलगा लंडनला निघतो, जाण्याआधी एक पियानो विकत घेऊन तिच्या घरी पाठवतो. नवरा परत आलेला आहे, घरात ती तो पियानो वाजवते आहे. हा शेवट अनेकांना अपुरा वाटतो. मला तो पुरेपूर योग्य वाटतो, कारण ज्याची साथ झाली त्याने साथीदाराला वाद्य दिले. याहून मोठे देणे आमच्या व्यवसायात नाही. मराठीत गाण्यावर चित्रपट करू पाहणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की मैफलीआधीच्या तालमीला पडद्यावर सलग दहा मिनिटे द्यावीत, खरा तबलजी आणि खरा पेटीवाला चौकटीत बसवावा, ते वाजवतील तेच ध्वनिमुद्रित करावे आणि त्यांची नावे गायकाच्या नावालगत छापावीत.